तंबोरा, कुकर आणि दोन क्रेडिट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालं आणि मुख्य विषयाबाहेरच्या शिक्षणाला पदवीच्या हिशेबात जागा मिळाली. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा नवा आराखडा काढला. त्यात क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचं मोजमाप, असं ठरलं आहे: व्याख्यानाच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले आहेत. बी.कॉम.च्या मुलाला राग ऐकायला शिकवणारे किंवा बी.ए.च्या मुलीला दुधाचं दही का होतं ते करून दाखवणारे छोटे 'अनुभवाधारित' अभ्यासक्रम या चौकटीत बसतात. परिपत्रकांची भाषा वाचली तर वाटतं, हे सगळं कालपरवा सुचलं. पुण्यापुरतं बोलायचं तर मार्कलिस्टवरची ओळ तेवढी नवी आहे.

गाण्यापासून सुरुवात करू. 'पूना गायन समाज' १८७४ साली निघाला तो शिकलेल्या घरांत गाण्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून. तोवर गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि कधी शिकवतील त्याची वाट पाहायची. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग, फी, वेळापत्रक, स्वरलिपी, परीक्षा हे सगळं लावलं. भास्करबुवा बखल्यांची संस्था, म्हणजे आजचा भारत गायन समाज, पुण्यात १९११ साली सुरू झाली. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्याचं गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही शिडी मग मध्यमवर्गीय घरांत इतकी रुजली, की संध्याकाळी पेटीच्या क्लासला जाणारं मूल नाही असा वाडा सापडणं अवघड होतं.

पण ही शिडी गायक-वादक घडवण्यासाठी होती, निदान कागदावर तरी. श्रोता घडवायचा वेगळा वर्ग हवा, ही कल्पना पुण्यात आधी रुजली ती सिनेमाच्या निमित्ताने. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर 'चित्रपट रसास्वाद' हा विषय शिकवत. १९७०च्या दशकापासून इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात काही आठवड्यांचा रसास्वाद वर्ग घेऊ लागले. तिथे बँकेतला माणूस, शिक्षिका, डॉक्टर असे कोणीही येत, आणि त्यांनी पुढे सिनेमा काढावा अशी कोणाचीच अपेक्षा नसे. आजच्या दोन क्रेडिटांच्या संगीतवर्गाचं खरं कूळ मला विशारदच्या शिडीपेक्षा इथे दिसतं. प्रात्यक्षिकाच्या दोन क्रेडिटांच्या साठ तासांत गळा तयार होत नाही. मात्र विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवायची कधी, आणि बाकीचे हलवतात तेव्हा नेमकं काय झालेलं असतं, एवढं साठ तासांत नक्की कळू शकतं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून भरणाऱ्या गावात हे कौशल्य वाया जाणार नाही.

शिवाय विज्ञानाच्या शिक्षकालाही इथे काम आहे. साधं कातडं ताणून वाजवलं तर त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या पुडीवरची शाई मात्र ते जवळजवळ पूर्णांकी पटींत आणून ठेवते, म्हणून तबला सुरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी याबद्दल १९२० साली लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी तंबोऱ्याच्या जवारीबद्दल, म्हणजे तारांच्या झंकाराबद्दलही. भौतिकशास्त्राच्या वर्गात डग्गा-तबला आणायला शंभर वर्षं कोणाचीच हरकत नव्हती. आणला कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

स्वयंपाकाची वाट जास्त वाकडी आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केलं, त्यात गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य हे अभ्यासाचे विषय होते. स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला विद्यापीठाची इयत्ता मिळाली खरी, पण ती बायकांची इयत्ता म्हणूनच. पुढे गृहविज्ञानाच्या शाखा निघाल्या आणि 'होम सायन्स म्हणजे लग्नाची तयारी' हा टोमणा त्यांना कायमचा चिकटला. त्या अभ्यासक्रमात जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र किती होतं, ते बघायची तसदी टोमणा मारणाऱ्यांनी घेतली नाही.

तिकडे शिकागोत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली काढलेल्या प्रयोगशाळेतल्या शाळेत मुलं-मुली स्वयंपाक करत. अंडं किती वेळ उकडायचं हे पुस्तकात बघण्याआधी पाण्याच्या वेगवेगळ्या तापमानाला पांढऱ्याचं काय होतं ते त्यांना तपासायला लावत. १९६९ साली ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 'स्वयंपाकघरातला भौतिकशास्त्रज्ञ' या विषयावर व्याख्यान दिलं. शुक्राच्या वातावरणाचं तापमान आपण मोजतो आणि आपल्याच सूफ्लेच्या (अंड्याच्या फुगलेल्या पदार्थाच्या) आत काय चाललंय ते माहीत नसतं, अशी त्यांची तक्रार होती. १९९२ साली इटलीतल्या एरिचे गावात कुर्ती, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस आणि इतरांची स्वयंपाकाच्या विज्ञानावरची पहिली कार्यशाळा झाली. २०१०मध्ये हार्वर्डने विज्ञान आणि स्वयंपाक हा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात फेरान आद्रियासारखे नामांकित शेफ येऊन बोलले. जगभरच्या कॉलेजांना धीर आला तो तिथून. गृहविज्ञानाला जे जमलं नाही ते हार्वर्डच्या शिक्क्याने झालं: मुलगेही नाव नोंदवायला लागले.

आपल्याकडे हाताने शिकण्याची परंपरा याहून वेगळ्या दारातून आली. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या नयी तालीमची मांडणी झाली. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात 'कार्यानुभव' सुचवला. शाळेत त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कागदी फुलं, थर्माकोलचं घर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते करणारी आई.

एक अपवाद पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञ, इलिनॉयला पीएच.डी., मग म्हैसूरची अन्न संशोधन संस्था, मग हिंदुस्थान लिव्हर. त्यांच्या आश्रमातून निघालेल्या शालेय कार्यक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, वीज आणि गृह-आरोग्य अशी खरी कामं करतात. लघु अभ्यासक्रम आखणाऱ्या प्राध्यापकांनी हार्वर्डची व्हिडिओ व्याख्यानं जरूर बघावीत, पण पाबळ एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे.

उदाहरणांना तर तोटा नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरची शिट्टी ते १२०च्या घरात नेते, म्हणून डाळ गळते. ज्वारीत ग्लुटेन नाही, पिठाची विरी (चिकटपणा) गेली की भाकरी तुटते, आणि गरम पाणी घातलं की पिष्टमय पदार्थ फुगून पीठ धरतं. कांदा परतताना येणाऱ्या रंगाची रासायनिक क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली वर्णिली. आज्जीला ती न वाचताच जमते. ती कुठे थांबवायची हेही तिला ठाऊक असतं, आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्यालाच असायला हवेत.

अडचण निघते ती जागेची. गाण्याला एक खोली पुरते, तंबोरा आता फोनवरही मिळतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र काही तोंडात घालायचं नाही हा पहिला नियम, आणि तो मोडून चालणार नाही. मग गृहविज्ञान किंवा हॉटेल मॅनेजमेंट विभागाचं स्वयंपाकघर मागून घ्यायचं, नाहीतर एखाद्या साध्या वर्गात इंडक्शनची शेगडी मांडून तीस मुलांना एका कढईभोवती उभं करायचं.