पार्श्वभूमी : स्कॉटलंडचे खडे आणि चांदी

स्कॉटलंडच्या जुन्या चांदीच्या दागिन्यांत हिरे-माणकं क्वचितच सापडतात. त्यांत असतात पट्ट्यापट्ट्यांचे अकीक, विटकरी जॅस्पर, गर्द हिरव्यावर लाल ठिपक्यांचा ब्लडस्टोन आणि केर्नगॉर्म डोंगरांचं नाव मिळालेला धुरकट तपकिरी स्फटिक. तिथले अकीक सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले. लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिकाचे थरावर थर साचले आणि खडे तयार झाले. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातले अकीकही असेच घडलेत. स्कॉटलंडमध्ये अकीकांसाठी माँट्रोजजवळचा किनारा आणि एअरशर परगणा प्रसिद्ध आहेत.

ब्रोच, म्हणजे कपड्याला टोचायचा टाचणीचा दागिना, ही तिथे आधी गरज होती. खांद्यावरून घेतलेलं लोकरी वस्त्र अडकवायला काहीतरी हवंच. एडिंबरात सेंट जाइल्स चर्चलगतच्या दुकानांत हृदयाच्या आकाराचे छोटे ब्रोच मिळत. ते वाग्दत्त वधूला देत, आणि दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या शालीलाही टोचत.

1746 मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणारे बंडखोर, हरले. त्यानंतर हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर कायद्याने बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरला आला. स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची होती, आणि एकेकाळी बंडखोरीची खूण मानलेला टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड, दरबारी थाटात मिरवला. व्हिक्टोरिया राणी 1842 मध्ये पहिल्यांदा स्कॉटलंडला गेली. 1852 मध्ये तिथली बाल्मोरलची मालमत्ता राजघराण्याने विकत घेतली. राणीला आवडलेला मुलूख बघायला रेल्वेने पर्यटक येऊ लागले आणि आठवण म्हणून खड्यांचे ब्रोच नेऊ लागले.

खरी कमाल कारागिरीची आहे. अकीकाचे पातळ काप काढायचे, ते नेमक्या आकारात घासायचे, लाखेसारख्या चिकट द्रव्याने चांदीच्या कोंदणात बसवायचे आणि मग सगळा पृष्ठभाग एकसंध घोटायचा. उत्तम नमुन्यावरून नख फिरवलं तर दगड कुठे संपला नि चांदी कुठे सुरू झाली, ते कळत नाही.

मागणी वाढली तसा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्येही हा माल बनू लागला. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनला कापलेले ब्राझीलचे अकीक त्यात वापरले गेले, ब्लडस्टोन बऱ्याचदा भारतातला असे. ‘स्कॉटिश’ ही हळूहळू दगडाच्या जन्मगावापेक्षा घडणीची ओळख झाली. माझ्या मते त्याने या दागिन्यांचं मोल कमी होत नाही. घेणाऱ्याला ते माहीत असावं, एवढंच.

एडिंबरच्या चांदीवर तपासणीची खूण म्हणून तीन बुरुजांच्या किल्ल्याची छाप असते आणि 1759 पासून 1975 पर्यंत त्याच्या जोडीला काटेरी थिसल फुलाची असे. पण व्हिक्टोरियन काळातल्या कितीतरी छोट्या ब्रोचवर कसलीच छाप नाही. तिथे जाणकार ब्रोच पालथा करून टाचणी बघतात. टाचणी कडेबाहेर डोकावत असेल आणि अडकवायला साधा इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा आकडा असेल, तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला.