दारूची प्रश्नावली : ‘व्यसनी आहे का?’पासून ‘धोका किती?’पर्यंत

‘दारू घेता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की ‘कधीतरी, कोणाचा आग्रह झाला तर’ हे ठरलेलं उत्तर येतं. तरीही पिणाऱ्याला पुढे किती त्रास होईल याचा अंदाज घ्यायला जगभर वापरतात तो दहा प्रश्नांचा एक कागदच. जागतिक आरोग्य संघटनेच्या या प्रश्नावलीचं नाव ऑडिट. तिच्या आधीच्या प्रश्नावल्या व्यसनी माणूस हुडकायला निघाल्या होत्या. पण अपघात, मारामाऱ्या, रक्तदाब, घरातली भांडणं यांतला मोठा वाटा व्यसनी न म्हणवल्या जाणाऱ्या पिणाऱ्यांचा असतो, आणि तो त्यांच्या हाती लागत नव्हता.

सुरुवात अमेरिकेतली. दारूच्या व्यसनाचे अभ्यासक ई. एम. जेलिनेक यांनी 1946 साली या व्यसनाचे टप्पे मांडले, ते दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या मासिकाने सदस्यांकडून भरून घेतलेल्या तक्त्यांवरून. जेमतेम 98 तक्ते त्यांनी हिशोबात धरले, तेही सगळे पुरुषांचे. बायकांची उत्तरं वेगळी दिसतात म्हणून ती बाजूला ठेवली. म्हणजे पाया घातला गेला तोच पूर्ण बुडालेल्या आणि मग सावरलेल्या पुरुषांच्या आठवणींवर.

पुढच्या दोन प्रश्नावल्यांत हा वारसा स्पष्ट दिसतो. नॉर्थ कॅरोलायनात मनोविकारतज्ज्ञ जॉन युइंग यांनी 1968च्या सुमारास चार प्रश्नांची ‘केज’ बांधली. पिणं कमी करावं असं कधी वाटलं का? लोक टोकतात म्हणून चीड आली का? अपराधी वाटलं का? सकाळी उठल्या उठल्या उतारा घ्यावा लागला का? दोन ‘हो’ आले की डॉक्टरने सावध व्हायचं. चार प्रश्न तोंडपाठ होतात, म्हणून केज झपाट्याने पसरली. तिची गंमत अशी की आधी ‘किती पिता?’ विचारून मग हे प्रश्न टाकले तर माणूस सावध होतो आणि तिची पकड ढिली पडते. प्रमाणाबद्दल तिच्यात अवाक्षर नाही, हे तिचं बळही आणि उणेपणही.

मिशिगनमध्ये मेल्विन सेल्झर यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेली ‘मास्ट’ पंचविसेक प्रश्नांची. पिऊन गाडी चालवताना अटक झाली का, यकृताचा त्रास आहे का, नोकरी गेली का, असा तिचा रोख. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला कधी गेला असाल तर 5 गुण, आणि व्यसनी ठरायलाही 5च पुरे. दहा वर्षं थेंबाला न शिवलेला माणूसही ‘कधी’ या शब्दापायी त्यात अडकायचा. मागे काय झालं ते मास्ट नीट सांगते. पुढे काय होईल हे तिला विचारून उपयोग नाही.

1976 साली ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी दारूवरचं अवलंबित्व, म्हणजे तिच्यावाचून न चालणं, कमीजास्त तीव्रतेचं असतं, आणि दारूमुळे होणारं नुकसान ही त्याहून वेगळी बाब आहे, असं मांडलं. अवलंबित्व नसतानाही नुकसान होऊ शकतं हे एकदा मान्य केल्यावर जुन्या चाळण्या तोकड्या पडणारच होत्या. 1982 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत काम सुरू केलं. सुमारे दोन हजार रुग्णांच्या लांबलचक मुलाखतींतून दहा प्रश्न निवडले गेले, आणि 1993 साली जॉन साँडर्स व सहकाऱ्यांनी ते सविस्तर मांडले. तीन प्रश्न प्रमाणाचे, तीन अवलंबित्वाचे, चार नुकसानीचे. एकूण गुण 40, आणि 8 ही धोक्याची रेषा. भर ‘गेल्या वर्षभरात’ यावर.

खरी कसोटी 1995 साली आली. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांना दोन-तीन वर्षांनी पुन्हा भेटल्यावर दिसलं, की आधी 8 किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी 61 टक्क्यांना दारूमुळे सामाजिक अडचणी आल्या. कमी गुणवाल्यांत हे प्रमाण 10 टक्के. सामाजिक अडचणी आणि रक्तदाब यांच्या अंदाजात कागद रक्ततपासण्यांपेक्षा सरस ठरला. मृत्यूचा अंदाज मात्र जीजीटी या यकृताच्या चाचणीनेच दिला, हेही सांगायला हवं.

आता हिशोब आपल्याकडचा. ऑडिटचं एक ‘ड्रिंक’ म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के छापलेलं असतं, म्हणजे 30 मिलीचा छोटा पेग साधारण एक ड्रिंक आणि 180 मिलीची क्वार्टर सहा. समजा, एक जण फक्त शनिवारी एक क्वार्टर संपवतो. किती वेळा पिता याचे 2, एका बैठकीला किती याचे 2, सहा किंवा जास्त ड्रिंक्स दर आठवड्याला याचे 3. झाले 7. बाकी सात उत्तरं ‘नाही’ असतील तर ऑडिट त्याला सोडून देते. पण पहिल्या तीनच प्रश्नांची ‘ऑडिट-सी’ अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 1998 साली पुढे आली. तिची रेषा पुरुषांना 4, बायकांना 3. तिथे हाच माणूस 7 गुणांनी सरळ पकडला जातो. केजमध्ये बहुधा शून्य.

गोव्यात संगात संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना ऑडिट विचारून 12 ते 19 गुणांचे 377 जण निवडले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांच्यातल्या निम्म्यांशी काही बैठका केल्या. तीन महिन्यांनी 8च्या खाली आलेले त्या गटात 36 टक्के, नेहमीच्या उपचारांत 26 टक्के. 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. इथे रेषा 8 नव्हे, 12 होती, कारण समुपदेशकांचा वेळ मोजका आणि तो जास्त गरज असलेल्यांना द्यायचा होता.

आपल्या शनिवारवाल्याला या वर्षात बायकोने ‘जरा कमी करा’ म्हटलं असेल तर दहाव्या प्रश्नाचे 4 गुण मिळून तो 11वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे 8 ते 15 गुणांना साधा सल्ला द्यायचा असतो, म्हणजे तो त्याला मिळायला हवा. गोव्याच्या त्या अभ्यासात मात्र तो एका गुणाने बाहेर राहिला असता.