पॅनेल लावलं की गळती थांबते?

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हमखास ऐकू येतं: बाथरूमच्या टाइल्स पाझरतात, वरून पीव्हीसी (प्लास्टिकचं) पॅनेल ठोका, गळती बंद. यात अर्धंच खरं आहे. टाइल्सच्या फटींत भरलेलं सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं, मान्य. पण पाणी अडवणं हे काम ना टाइलचं, ना पॅनेलचं. ते मागच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं. कोथरूडच्या आमच्या बाथरूममधलं पॅनेल काढलं, तर मागे काळी बुरशी, प्लास्टर बोटानं सुटत होतं आणि पाइपचा सांधा ठिबकत होता. गळती थांबली नव्हती, झाकली गेली होती. (खालच्या काकूंच्या छताला सगळं ठाऊक होतं!) भिंत कोरडी असेल तर पॅनेल खुशाल लावा, तोडफोड वाचते. ओल असेल तर आधी प्लंबर. आणि नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याची, कड गळत असेल, तर भिंतीला काहीही लावा, फरक शून्य.