कफ सिरपमधला ‘कफ’ कोणता?

‘कफ सिरप’ हा शब्द मराठीत आला तो एक घोळ सोबत घेऊनच. इंग्रजीतला कफ म्हणजे खोकला. मराठीतला कफ म्हणजे छातीत साचणारा चिकट स्राव, जो खाकरून बाहेर टाकला की आपण बेडका म्हणतो. उच्चार एक, वस्तू दोन. छाती भरलेला माणूस कफ सिरप मागतो तेव्हा त्याला वाटतं, नावातच कफ आहे म्हणजे हे कफावरचंच औषध. प्रत्यक्षात त्याच्या हाती खोकल्याचा आवाज बंद करणारी बाटलीही पडू शकते. मग खोकला थांबतो आणि कफ जिथल्या तिथे बसून राहतो.

या एका नावाखाली दोन अगदी उलट स्वभावाची औषधं विकली जातात. एक कफ पातळ करून सुटायला मदत करतं, दुसरं खोकल्याची उबळच दाबतं. रंग सारखा, गोडी सारखी, बाटलीचा आकारही तोच. ओल्या खोकल्यासाठी बाटली उघडण्याआधी आपल्या हातात यातलं कोणतं आहे, एवढं तरी कळायला हवं.

आधी ओला खोकला काय करतो ते पाहू. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला श्लेष्माचा पातळ थर असतो आणि त्याखाली केसांहून कितीतरी बारीक असे असंख्य तंतू सतत एकाच दिशेला हलत असतात. धूळ, जंतू, मेलेल्या पेशी त्या थराला चिकटतात आणि हळूहळू वर घशापर्यंत ढकलल्या जातात. तिथून आपण त्या नकळत गिळतो. दिवसभर हे चालू असतं आणि पत्ताही लागत नाही. सर्दी-तापाचा विषाणू शिरला की श्लेष्मा वाढतो, घट्ट होतो आणि तंतूंना तो रेटवत नाही. तेव्हा खोकला कामाला लागतो: खोल श्वास, स्वरयंत्राचं दार बंद, छातीत दाब आणि मग दार एकदम उघडून सुटलेला हवेचा झोत. कफ उचलून वर आणायची ही ताकद आहे.

कोरड्या खोकल्यात उचलून आणण्यासारखं काहीच नसतं. घसा खवखवतो, नसा चाळवलेल्या असतात, बोललं तरी ढास लागते आणि खोकून खोकून बरगड्या दुखतात. इथे खोकला दाबला तर फारसं बिघडत नाही. ओल्या खोकल्यात दाबला तर बिघडू शकतं.

कफ सुटायला मदत करणाऱ्या औषधांतही दोन जाती आहेत. ग्वायफेनेसिन श्वासनलिकांतला पाण्याचा अंश वाढवतं. ते पोटाच्या आतल्या थराला किंचित डिवचतं आणि तिथल्या मज्जातंतूच्या वाटेने श्वासनलिकांना स्राव पातळ करण्याचा निरोप जातो, असं मानलं जातं. म्हणूनच जास्त घेतलं की मळमळतं. दुसऱ्या जातीत ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल, अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि कार्बोसिस्टीन येतात. ही थेट कफाच्या चिकटपणावर काम करतात. अ‍ॅसिटिलसिस्टीन तर श्लेष्माच्या धाग्यांना जोडणारे गंधकाचे टाकेच उसवतं. ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरून बेतलेलं आहे आणि अँब्रॉक्सॉल म्हणजे शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्सिनचं जे रूपांतर होतं ते. म्हणून ही दोन्ही एकावर एक घेण्यात शहाणपण नाही.

या गटाबद्दल एक गैरसमज हमखास होतो. औषध सुरू केलं आणि खोकला वाढला, की लोक म्हणतात, ‘लागू पडत नाही’. पातळ झालेला कफ वर येतोय म्हणून खोकला येतोय, हे लक्षात येत नाही. सुरुवातीचा एखादा दिवस असं होणं अपेक्षितच आहे. मात्र याच कारणाने रात्रीचा डोस अंथरुणाला पाठ टेकायच्या वेळी घेऊ नये, दोन-तीन तास आधी घ्यावा. नाहीतर कफ सुटायचा मुहूर्त नेमका झोपेत लागतो.

आता दाबणारी औषधं. यात सर्वांत जास्त भेटतं ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं, छातीतल्या कफाशी त्याचा काही संबंध नसतो. कोडीन हे याच वाटेवरचं, पण अफूच्या कुळातलं. शरीरात त्याचं मॉर्फीन होतं आणि काही जणांच्या शरीरात ते जन्मजात फार झपाट्याने होतं, इतकं की श्वास मंदावू शकतो. कोणाचं शरीर तसं आहे हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये कोडीन असलेली खोकल्याची औषधं १८ वर्षांखालच्यांना देऊ नयेत असं ठरवलं, ते याच धोक्यामुळे. फोल्कोडीन नावाचं तिसरं भावंड तर युरोपात २०२२ च्या अखेरीस बाजारातून काढून टाकायला सांगितलं गेलं. ते घेतलेल्यांना पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरतात त्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांची जीवघेणी अ‍ॅलर्जी होण्याचा धोका आढळला होता.

छाती भरलेल्या माणसाला दाबणारं औषध दिलं की धडधाकट तरुणाचं सहसा निभावतं. ज्याच्या खोकण्यात आधीच जोर नाही, असा म्हातारा माणूस, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेला, न्यूमोनियातून उठणारा, यांचं मात्र अवघड होतं. कफ साचतो, खालच्या नलिका बुजतात, दम लागतो. बाहेरून मात्र सगळं छान दिसतं, कारण घर शांत असतं. मला या औषधांत सर्वांत फसवी वाटते ती ही शांतता.

मग ओळखायचं कसं? बाटलीच्या पुढच्या बाजूने नाही. तिथे मोठ्या अक्षरात जे नाव असतं, त्याच्या मागे एखाददोन अक्षरं किंवा ‘प्लस’ लावून एकच कंपनी तीन-चार वेगळी मिश्रणं विकते. त्यातलं एक ओल्या खोकल्याचं, दुसरं कोरड्याचं, तिसऱ्यात आणखी काही. मागच्या वेळी घेतलं ‘तेच’ आणायला सांगावं आणि शेपटातलं एक अक्षर चुकल्याने उलटं औषध घरात यावं, हे सहज घडतं. बाटली फिरवून ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ या ओळीपाशी जावं. तिथे ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल यांपैकी काही असेल तर ते सोडवणारं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोडीन, नॉस्कॅपीन असेल तर दाबणारं.

आणि दोन्ही असतील तर? अशा बाटल्या जगभर विकल्या जातात आणि त्यामागचं तर्कशास्त्र मला कधी पटलेलं नाही. एकाने कफाला दार उघडून द्यायचं आणि दुसऱ्याने बाहेरून कडी लावायची. ओल्या खोकल्याला अशी बाटली नकोच.

त्या ओळीत आणखीही पाहुणे असतात. क्लोरफेनिरामीन किंवा डायफेनहायड्रामीन दिसलं तर ती अ‍ॅलर्जीची, झोप आणणारी औषधं. वाहतं नाक त्यांनी सुकतं, पण छातीतला कफही सुकून चिकट व्हायची भीती. गाडी चालवणाऱ्याने, प्रोस्टेट वाढलेल्याने आणि काचबिंदू असलेल्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फेनिलेफ्रीन असेल तर रक्तदाबवाल्यांनी थांबावं. टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असेल तर ते श्वासनलिका रुंद करणारं, दम्यातलं औषध आहे. छातीत घरघर नसताना त्याचा उपयोग नाही, हात थरथरणं आणि छातीत धडधडणं मात्र पदरात पडतं. पॅरासिटामॉल असेल आणि तापासाठी त्याच्या गोळ्याही चालू असतील तर बेरीज करायला हवी, कारण मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे आणि यकृताला ती दोन वाटांनी आली काय किंवा एका वाटेने आली काय, सारखंच. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फनपासून लांब राहावं. काही गोळ्यांसोबत ते मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक पातळीवर नेतं. त्यांतल्या एमएओआय नावाच्या गटातल्या गोळ्या थांबवल्यावरही १४ दिवस जाऊ द्यावे लागतात. पोटात अल्सर असेल तर ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल विचारूनच. ही दोन घेताना अंगावर पुरळ उठलं किंवा तोंड आलं तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. क्वचित होणाऱ्या पण गंभीर त्वचाविकाराबद्दल युरोपात २०१५ पासून या औषधांवर तसा इशारा आहे.

डोसचं तर विचारू नका. ‘दोन चमचे तीनदा’ हे आपल्याला पाठ असतं, पण चमचा हे माप नव्हे. औषधाचा चमचा ५ मिली, जेवणाचा मोठा चमचा १५ मिलीपर्यंत जातो. नुसता चमचा बदलला की डोस तिप्पट. बाटलीवरचं टोपण-माप किंवा मुलांसाठी सुई नसलेली सिरिंज, हेच वापरावं. आणि ५ मिलीत किती औषध आहे तेही प्रत्येक बाटलीत वेगळं. मोठ्या माणसाला ग्वायफेनेसिन एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, चार तासांचं अंतर ठेवून, दिवसात २४०० च्या आत. ५ मिलीत १०० मिलिग्रॅम असेल तर एका वेळी १० ते २० मिली होतात. ५ मिलीत ५० असेल तर तेवढ्याच सिरपमध्ये निम्मंच औषध जातं. दुसऱ्या मिश्रणात सोबत आणखी दोन-तीन औषधं असतील तर मर्यादा त्यांच्यावरून ठरते. म्हणून जुन्या बाटलीचा डोस नव्या बाटलीला लावायचा नाही. बाटली तोंडाला लावून घोट घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

मुलांची गोष्ट वेगळीच आहे. ती लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत. अमेरिकेच्या नियामकाने २००८ मध्ये २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची दुकानातून सहज मिळणारी औषधं देऊ नका असं सांगितलं, त्यानंतर उत्पादकांनी स्वतःहून लेबलवर ४ वर्षांची मर्यादा घातली. ब्रिटनने २००९ मध्ये ती ६ वर्षांवर नेली. फ्रान्सने २०१० मध्ये २ वर्षांखाली कफ पातळ करणारी काही औषधंही बंद केली, कारण तान्ह्याच्या श्वासनलिका अरुंद, खोकण्यात जोर नाही, मग पातळ होऊन वाढलेला कफ बाहेर काढणार कोण? म्हणजे इतक्या लहान वयात ‘बरोबर’ जातीचं औषधही चुकीचं ठरू शकतं. लहान मूल कफ थुंकत नाही, गिळतं आणि कधी उलटीतून काढतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो, वर्षाखाली मात्र अजिबात नाही, त्यातल्या जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

एक धोका असा की जो दोन्ही जातींना सारखाच लागू आहे आणि घरी बसून ओळखता येत नाही. सिरप ज्या द्रवात कालवतात, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी, गोडसर रसायन मिसळलं गेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेत एका सल्फा औषधाच्या सिरपने शंभरहून अधिक माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा आला. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात अनेक लहान मुलं दगावल्यावर जागतिक आरोग्य संघटनेला जगभर इशारा द्यावा लागला. आपल्या हातात एवढंच की सीलबंद बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, संपेपर्यंत बॅच नंबर असलेलं लेबल फाडू नये आणि सिरप घेणाऱ्या मुलाची लघवी कमी झाली, उलट्या किंवा सुस्ती आली, तर बाटलीसकट दवाखाना गाठावा.

इतकी काळजी घेऊन योग्य बाटली आणली, तर ती कितपत उपयोगी पडते? खरं सांगायचं तर थोडीच. २०१४ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी दुकानातून सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांवरचे सगळे प्रयोग तपासले आणि फायदा होतो किंवा होत नाही, यातलं काहीच ठामपणे म्हणता येईल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. छाती मोकळी वाटावी म्हणून सोडवणारं सिरप चार-पाच दिवस घेण्यास हरकत नाही. त्याने आजाराचे दिवस कमी होत नाहीत. साध्या ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनलिका सुजल्याचा, खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो, आपली सहनशक्ती मात्र आठवड्याभरात संपते आणि आपण दुसरी बाटली आणतो. गरम पाण्याचे घोट, उशी उंच करून झोपणं, सिगारेट बंद, यांनी कफ सुटायला जी मदत होते ती बाटलीपेक्षा फारशी कमी नसते. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतंच असं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट विकराचा असतो, विषाणूंच्या आजारातही येतो.

कफात रक्त, श्वास घेताना छातीत कळ, दम लागणं, उतरून पुन्हा चढलेला ताप, घटतं वजन, किंवा तीन आठवडे ओलांडलेला खोकला, यांवर कोणतंच सिरप नाही. तिथे छाती तपासून घ्यावी लागते.

राहता राहिली कपाटातली अर्धी बाटली. तिच्यावर उघडल्याची तारीख आणि ‘ओला’ की ‘कोरडा’ एवढं पेनाने लिहून ठेवा. चार महिन्यांनी रात्री दोन वाजता घरातल्या कोणालातरी ढास लागेल, अर्धवट झोपेत हात त्याच बाटलीकडे जाईल आणि तेव्हा पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला कोणी दिवा लावणार नाही.