पार्श्वभूमी : अल्सरमधून रक्त जातं तेव्हा

बडोद्यातल्या मराठी घरात कुणी पोटाच्या वरच्या भागात जळजळतंय, दुखतंय म्हटलं की सल्ले ठरलेले असतात. थंड दूध घ्या. महिनाभर शेव-उसळ बंद. आणि फार विचार करत बसू नका, तुमचा स्वभावच चिंतेचा. सांगणारी माणसं मायेने सांगतात. पण हे तिन्ही सल्ले वैद्यकशास्त्रानेच एके काळी दिले होते आणि पुढे बहुतांशी मागे घेतले. ते मागे घेतल्याची बातमी मात्र आपल्या स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचली नाही. अल्सर, म्हणजे जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला पडलेला व्रण, नुसता दुखत असतो तोवर या सल्ल्यांनी फारसं बिघडत नाही. त्यातून रक्त जायला लागलं की बिघडतं, कारण रक्त जातंय हे बहुतेक वेळा सगळ्यात आधी घरीच, संडासात कळतं.

पोटातून रक्त पडण्याची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत रक्तपित्ताचे प्रकार सांगितले आहेत : वरच्या मार्गाने पडणारं साध्य, खालच्या मार्गाने पडणारं याप्य, म्हणजे कसंबसं आवरता येणारं, आणि दोन्हीकडून पडू लागलं तर असाध्य. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात परिणामशूळ येतो, अन्न पचत असताना उठणारी कळ. लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ग्रहणीत, झालेल्या व्रणाची कळ पुष्कळदा अशीच जेवणानंतर काही तासांनी उठते. रक्तपित्तात नाकातून येणारं रक्तही मोजलेलं असल्यामुळे त्याला सरळ अल्सर म्हणता येणार नाही, पण निरीक्षण बारकाईचं होतं यात शंका नाही. आत पाहायची सोय कुणाकडेच नव्हती. युरोपातही जठरव्रणाचं नेमकं वर्णन जाँ क्रुव्हेलिए यांनी १८३० च्या दशकात केलं ते शवविच्छेदनांवरून. त्याच्या थोडं आधी, १८२०च्या दशकात, विल्यम प्राउट यांनी जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवलं होतं. या दोन गोष्टी जोडून १९१० मध्ये कार्ल श्वार्त्स यांनी सूत्र मांडलं : आम्ल नाही तर अल्सर नाही. पुढची सत्तर वर्षं सगळे उपचार या एका वाक्यावर उभे होते.

थंड दुधाचा सल्लाही याच विचारातून आलेला. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये आहार ठरवून दिला : तासातासाला दूध आणि साय, मधेमधे आम्ल मारणारी क्षारांची पूड. जगभरच्या दवाखान्यांनी तो उचलला. दूध पोटात गेलं की क्षणभर शांत वाटतं हे खरं आहे, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. रक्त पडणाऱ्या रोग्याची दशा तर याहून वाईट होती. जठर हललं तर गुठळी निघेल या भीतीने त्याला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आधीच रक्त गेलेलं, वर अन्नपाणी तोडलेलं. कोपनहेगनच्या आयनर म्यूलनग्राख्ट यांनी हे उलटं केलं. पहिल्या दिवसापासून मऊ, पण भरपूर जेवण द्यायला त्यांनी सुरुवात केली. १९३५ मध्ये त्यांनी आपले आकडे प्रसिद्ध केले तेव्हा शेकड्यामागे सुमारे एकच रोगी दगावल्याचं दिसलं. मला या सगळ्या इतिहासातलं हे पान फार मोलाचं वाटतं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. रोग्याला जेवू घातलं आणि माणसं वाचली.

बडोद्यात त्या काळी काय होतं? ज्याला आज आपण सयाजी हॉस्पिटल म्हणतो ते आधी काउंटेस ऑफ डफरिनच्या नावाने चालत असे. मांडवीकडे जमनाबाई हॉस्पिटल. औषधांच्या बाबतीत हे शहर पुष्कळ पुढे होतं : प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ मध्ये इथे अलेंबिक सुरू केली. वैद्यकीय महाविद्यालय आलं ते १९४९ मध्ये, विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी. म्हणजे इथे डॉक्टरांची पहिली पिढी शिकून बाहेर पडली ती नेमकी अल्सरच्या शस्त्रक्रियांच्या भरात.

तो भर १८८१ पासूनचा. त्या वर्षी शल्यचिकित्सक बिलरोथ यांनी व्हिएन्नात कर्करोगासाठी जठराचा तुकडा यशस्वीपणे काढला आणि काही महिन्यांनी पोलिश शल्यचिकित्सक लुडविक रिडिगिएर यांनी अल्सरसाठी तसंच केलं. १९४३ मध्ये लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल सोडण्याचा हुकूम देणारी व्हेगस नसच कापायला सुरुवात केली. भारतात ती नस कापून जठर आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया कित्येक दशकं जिल्ह्याजिल्ह्यांत होत राहिली. एव्हरेस्टच्या १९२२ आणि १९२४ च्या मोहिमांत असलेले हॉवर्ड सॉमरवेल हे त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या दवाखान्यात शल्यचिकित्सक म्हणून राहिले आणि तिथे त्यांनी ग्रहणीच्या अल्सरच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केल्या. दक्षिणेत हा रोग एवढा का, हा प्रश्न तेव्हापासूनचा. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६०च्या दशकात भात खाणारे प्रदेश आणि गहू खाणारे प्रदेश यांची तुलना करून आहारात उत्तर शोधायचा प्रयत्न केला. आपल्या घरातल्या ऐंशीपुढच्या एखाद्या आजोबांच्या पोटावर छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उभी जुनी खूण दिसली, तर ती याच काळातली असण्याचा संभव बराच. रक्त थांबत नसेल तर दुसरा मार्गच नव्हता, आणि रक्त गेलेल्या, थकलेल्या, वयस्कर माणसाला तो मार्ग अनेकदा झेपत नसे.

खरा पालट झाला तो आत पाहता येऊ लागल्यावर. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली होती. १९३२ मध्ये शिंडलर यांनी थोडी वाकणारी दुर्बीण केली. पण रक्त ओकणाऱ्या रोग्याच्या पोटात सुखरूप जाईल अशी लवचीक नळी हवी होती, आणि तिच्यासाठी प्रकाश वळवायला हवा होता. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखवलं. बेसिल हिर्शोविट्झ यांनी त्यावरून जठराची दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये आधी स्वतःच गिळून पाहिली.

दुर्बिणीने रोगाचं नाव कळलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढे काय होणार याचा अंदाज आला. एडिंबरोच्या फॉरेस्ट यांनी १९७४ मध्ये व्रण कसा दिसतो त्यावरून श्रेणी लावल्या. पहिल्या श्रेणीत रक्ताची चिळकांडी उडत असते किंवा ते झिरपत असतं. दुसरीत रक्त थांबलेलं असतं, पण तळाशी उघडी रक्तवाहिनी, चिकटलेली गुठळी किंवा नुसता काळा डाग दिसतो. तिसरीत तळ स्वच्छ. चिळकांडी उडणारा किंवा उघडी वाहिनी दिसणारा व्रण उपचार केला नाही तर जवळजवळ निम्म्या वेळा पुन्हा फुटतो. स्वच्छ तळाचा शंभरात पाचेक वेळा. त्यामुळे एकाला दोन दिवसांत घरी सोडता येतं आणि दुसऱ्यावर तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. बाहेरून दोघेही सारखेच पांढरेफटक दिसतात.

पुढे १९८०च्या दशकात त्याच नळीतून उपचारही होऊ लागले. व्रणाच्या कडेने पातळ केलेल्या ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, उष्णतेने वाहिनी डागणं, धातूची क्लिप लावणं. नुसतं ॲड्रेनलिन पुरत नाही, त्याचा असर थोड्या वेळाने ओसरतो. त्याला डाग किंवा क्लिपची जोड लागते. पोट उघडण्याची वेळ आता क्वचितच येते.

औषधांची गोष्ट समांतर चालली. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं, जठरातलं आम्ल कमी करणारं सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विकायला आलं आणि शस्त्रक्रियांच्या याद्या भराभर आटल्या. पण वाहतं रक्त थांबवण्यात या गटाची औषधं फारशी कामाला आली नाहीत. कारण सोपं आहे : आम्लात रक्ताची गुठळी नीट बसत नाही, आणि बसलीच तर जठरातलं प्रथिनं पचवणारं पेप्सिन तिला पचवून टाकतं. आम्ल जवळजवळ पूर्ण आणि सलग दबलेलं राहावं लागतं. ते ओमेप्राझोलने जमवलं, १९८८ नंतर. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००० मध्ये दाखवलं की दुर्बिणीने रक्त थांबवल्यावर तीन दिवस शिरेतून सतत ओमेप्राझोल दिलं, तर महिन्याभरात पुन्हा रक्त जाण्याचं प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर येतं. ही औषधं आपल्याला परवडली याचं श्रेय १९७०च्या पेटंट कायद्याला द्यायलाच हवं. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या कृतीवर, अशी त्यात तरतूद होती आणि ती २००५ पर्यंत टिकली. रावपुऱ्यातल्या मेडिकलच्या दुकानात ही गोळी काही रुपयांत मिळते, त्यामागे तो कायदा आहे.

एवढं होऊनही अल्सर पुन्हापुन्हा होत होता. औषध बंद केलं की परत. आणि दोष रोग्याच्या गळ्यात : चिंता करतो, वेळेवर जेवत नाही, तिखट खातो, तापट आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या नमुन्यांत वाकडे जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगतच नाहीत, असं तेव्हा सगळे धरून चालत. बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू वाढवायचे प्रयत्न फसत होते. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत हेलिकोबॅक्टर पायलोरी वाढलेला सापडला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्यायला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. नोबेल मिळायला २००५ उजाडलं. आठवड्या-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी अल्सर कायमचा बरा होऊ शकतो, हे कळल्यावर एका अख्ख्या पिढीवरचा आळ उतरला. त्या माणसांच्या स्वभावाचा यात दोष नव्हता, आणि त्यांना वाढणाऱ्या बायकांच्या स्वयंपाकाचाही नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण बोल लावणं अजून थांबलेलं नाही.

शेव-उसळीच्या तर्रीने आधीच सुजलेल्या जठरात आग होईल, पण तिने व्रण पडत नाही. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना लहानपणीच घरातल्या घरात लागलेला, आणि त्यांतल्या थोड्यांनाच अल्सर होतो.

दुसरं कारण गोळ्यांच्या डब्यात असतं. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ती नेमकी काय करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये शोधलं. दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं ती थांबवते, आणि जठराचं अस्तर सांभाळणारीही तीच असतात. डायक्लोफेनाक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांचंही असंच. म्हणून 'रिकाम्या पोटी नको, जेवून घ्या' एवढ्याने रक्षण होत नाही, आणि 'गोळीऐवजी इंजेक्शन दिलं, आता पोटाला त्रास नाही' हे तर साफ चूक. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक आणि हृदयासाठी ॲस्पिरिन अशी जोडी घेणाऱ्या आजी-आजोबांना अनेकदा आधी काही दुखतही नाही. पहिली खूण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तिला तो चिकटपणा आणि तो वास नसतो. शंका आली तर घरी वाद घालत बसू नये, दवाखान्यात जावं. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून परत फिरू नये. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी बरोबरच जातात, आकडा काही तासांनी घसरतो. रक्तातला युरिया मात्र लवकर वाढलेला दिसू शकतो, कारण आतड्यात पडलेलं रक्त अन्नासारखं पचतं.

गेल्या काही वर्षांत दोन-तीन ठाम समजुतीही ढासळल्या. नातेवाईक बाटल्यांसाठी धावाधाव करतात, पण बार्सिलोनातल्या २०१३ च्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रोगी, ९ च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त संख्येने जगले. २०२० मध्ये हाँगकाँगहूनच आलेल्या अभ्यासात तज्ज्ञांनी पाहिल्यापासून सहा तासांच्या आत दुर्बीण घातल्याने, सहा ते चोवीस तासांत घालण्यापेक्षा जास्त जीव वाचत नाहीत असं दिसलं. आधी रोग्याला सावरायला वेळ मिळतो. त्याच वर्षी बारा हजार रोग्यांच्या चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवण्यासाठी देत असलेल्या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत.

घरी सोडल्यावर दोन गोष्टी हमखास सुटतात. रक्त जात असताना केलेली जंतूची तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते, ती नंतर पुन्हा करावी लागते. आणि जंतू निघून गेला की नाही हे औषधं संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने पाहायचं असतं, त्याआधी दोन आठवडे आम्ल दाबणारी (ओमेप्राझोलसारखी) गोळी बंद ठेवून. दुसरी गोष्ट हृदयरोग्यांची. रक्त गेलं म्हणून घाबरून ॲस्पिरिन कायमची टाकून देणारे पुष्कळ आहेत. हाँगकाँगच्या २०१० च्या अभ्यासात ॲस्पिरिन चालू ठेवलेल्यांत पुन्हा रक्त जाण्याचं प्रमाण थोडं वाढलं, १०.३ विरुद्ध ५.४ टक्के, पण आठ आठवड्यांतले मृत्यू चालू ठेवलेल्यांत १.३ टक्के होते आणि बंद केलेल्यांत १२.९. ती गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटलातून निघू नये.