राहवीर बक्षीस आणि मदत करणाऱ्याचे हक्क: पोलिसांची पोच हातात कशी घ्यायची

अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारकडून २५ हजार रुपये आणि प्रशस्तिपत्र मिळते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २०२१ साली योजना सुरू झाली तेव्हा रक्कम ५ हजार होती. २०२५ मध्ये ती वाढली आणि योजनेला ‘राहवीर’ हे नाव मिळाले. मग लोक अर्ज शोधत सेतूत जातात, आरटीओत जातात. पण योजनेच्या नियमांत मदत करणाऱ्याने कुठे अर्ज करायचाच नसतो. प्रकरण पोलीस ठाण्यातून पुढे जाते आणि त्यासाठी लागते पोलिसांची पोच. नेमकी तीच बहुतेकांकडे नसते.

ही पोच पोलिसांच्या अधिकृत लेटरपॅडवर मिळते. तुमचे नाव, पत्ता, मोबाइल, अपघाताचे ठिकाण, तारीख, वेळ आणि तुम्ही काय मदत केली एवढे त्यात हवे. पोलीस डॉक्टरांकडून खात्री करून ती देतात. एक प्रत तुम्हाला, एक जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला. पोलिसांना न कळवता तुम्ही थेट दवाखाना गाठला असेल, तर दवाखान्याने त्यांना माहिती द्यायची आणि मग पोच निघायची.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. रात्री उंब्रजजवळ दुचाकीवाला पडलेला दिसतो, तुम्ही त्याला गाडीत घालून कराडला आणता. स्ट्रेचर आत जाते, खिडकीवरचा माणूस घाईत तुमच्या नावापुढे ‘नातेवाईक’ लिहितो आणि तुम्ही न वाचता सही करता. झाले! कागदोपत्री तुम्ही परके उरत नाही, वर डिपॉझिटही तुमच्याकडेच मागितले जाते. वाटसरूकडून असे पैसे मागता येत नाहीत. म्हणून सहीआधी नोंद वाचा, ‘आणणारा अनोळखी वाटसरू’ असे लिहून घ्या आणि आणल्याची वेळ तास-मिनिटांसह टाकायला लावा. वेळेची नोंद नसेल तर जखमीला अपघातानंतरच्या पहिल्या तासात, म्हणजे ‘गोल्डन अवर’मध्ये आणले हे नंतर कशाने दाखवणार? घटनास्थळावरून ११२ किंवा १०८ ला केलेल्या फोनची मोबाइलमधली नोंदही पुसू नका.

इथे एक पेच आहे आणि तो कुणी समजावून सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार, सद्भावनेने मदत करताना तुमच्या हातून चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० मध्ये आलेल्या नियम १६८ नुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे तुमच्या मर्जीवर. तयार झालात, तर जबाब एकदाच, तुमच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी. शक्यतो साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने घ्यायचा. हे हक्क दवाखान्याच्या दाराशी फलकावर लावणे बंधनकारक आहे. तुमच्या दवाखान्यात तो फलक आहे का, जरा बघा. पण नाव न सांगता निघून गेलात, तर बक्षीस नाही. महिनाभराने वृत्तपत्रातले कात्रण घेऊन ठाण्यात गेल्यावर अंमलदार हात वर करतो, आणि या बाबतीत त्याला फार दोषही देता येत नाही. नाव द्यायचे की नाही, ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी ठरवा.

नकाराचे दुसरे कारण ‘प्राणघातक अपघात’ हा शब्द. जखमी वाचला म्हणजे आपण बसत नाही, असे समजून लोक घरी बसतात. योजनेत त्याचा अर्थ वेगळा आहे: मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दवाखान्यात दाखल, मेंदूला किंवा मणक्याला इजा, अथवा उपचारादरम्यान मृत्यू. गुडघा खरचटलेला, मलमपट्टी करून घरी गेलेला माणूस यात येत नाही. तुम्ही नेलेल्याचे तीन दिवस भरले का, याची चौकशी करा. नुसता १०८ ला फोन करणाऱ्याचे काम मोलाचे असले तरी योजना दवाखान्यात नेणाऱ्याला धरून आहे. एका जखमीला चौघांनी मिळून वाचवले, तर रक्कम चौघांत सारखी वाटली जाते. एका व्यक्तीला वर्षात जास्तीत जास्त पाच वेळा बक्षीस मिळू शकते.

पैशांपेक्षा मोठा धोका रस्त्यावरच असतो. खंबाटकीच्या उतारावर किंवा हंगामात पेठ नाक्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग असताना मागून येणारे वाहन मदत करणाऱ्यालाच उडवते. आपली गाडी अपघाताच्या पुढे, रस्त्याच्या कडेला लावा, चारही इंडिकेटर चालू ठेवा आणि मागे लांबवर एकाला टॉर्च घेऊन उभे करा. आग किंवा मागून धडकेची भीती नसेल तर जखमीला ओढू नका, पाणी पाजू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. गाड्यांचे क्रमांक दिसतील असे फोटो आधी काढा. जमलेला घोळका पुष्कळदा थांबलेल्या गाडीवाल्यालाच ठोकणारा समजतो, तेव्हा हेच फोटो कामी येतात. जखमीचा मोबाइल, पाकीट, दागिने यांची यादी करून दवाखान्यात किंवा पोलिसांकडे सही घेऊनच द्या.

‘खर्च कोण करणार’ म्हणून गाडी न थांबवणाऱ्यांसाठी: ५ मे २०२५ च्या अधिसूचनेनुसार नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातग्रस्तावर दीड लाखापर्यंत, सात दिवस रोकडरहित उपचार होतात.

पोच मिळाल्यावर तुमच्याकडून लागतो तो पत्ता, मोबाइल आणि बँक खात्याचा तपशील. खाते चालू आहे ना, ते आधी पाहा. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आणि आरटीओ यांच्या समितीने दर महिन्याला प्रकरणे पाहायची असतात. मंजूर यादी परिवहन खात्याकडे जाते आणि पैसे थेट खात्यात येतात. दोन महिने काहीच हालचाल नसेल, तर पोचेची झेरॉक्स जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात लेखी विचारणा द्या आणि तिच्यावरही शिक्का घ्या.