बेसला बोलू देणारे तिघे

कोकणात जॅझ म्हटलं की आधी गोंयकारांचे बँड आठवतात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन वाचायला शिकायची. १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड आला, पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. पुढे हॉटेलांतल्या बँडांना समोरचा कागद झरझर वाचणारे वादक लागले, ते गोव्यातून मिळाले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून ट्रम्पेटवर गाजले आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही वाजले.

पण ते जॅझ बरंचसं लिहून आणलेलं. पियानो, बेस (खर्जातलं मोठं उभं तंतुवाद्य) आणि ड्रम्स या त्रिकुटाची वाट वेगळी.

सुरुवातीला तिसरी जागा ड्रम्सची नव्हतीच. पियानोवादक नॅट किंग कोलने १९३७ च्या सुमारास त्रिकूट बांधलं त्यात गिटार होती, १९४३ मधल्या आर्ट टेटम या पियानोवादकाच्या त्रिकुटातही. तिसरा पियानोवादक ऑस्कर पीटरसन, त्याने गिटार काढून ड्रम्स घेतले ते १९५९ मध्ये. तोवर बेसचं काम मुख्यतः चार ठोके इमानाने चालत राहण्याचं.

ते मोडलं पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. त्या ध्वनिमुद्रणात ग्लासांचा किणकिणाट स्पष्ट येतो, लोक गप्पा मारताहेत, आणि स्कॉट लाफारोचा बेस वरच्या पट्टीत चढून पियानोचं वाक्य अर्ध्यात उचलतो. ड्रम्सवर पॉल मोशन ब्रशने ठेका नुसता सुचवतो, बजावत नाही. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, वय २५. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक त्रिकुटाला त्या दिवसाचं देणं आहे, असं माझं मत.

दशावताराच्या प्रेक्षकाला यात नवल वाटू नये. पात्र संभाषण आयत्या वेळी रचतं. पायपेटी, मृदंग आणि झांज त्याच्या तोंडाकडे बघत सांभाळून घेतात.

आजच्या त्रिकुटांतलं एक पियानोवादक विजय अय्यरचं. त्याचा जन्म १९७१ चा, न्यूयॉर्क राज्यातला, आईवडील तमिळ. (म्हणून त्याच्यावर लगेच ‘भारतीय जॅझ’चा शिक्का मारू नये.) २००९ च्या ‘हिस्टॉरिसिटी’ या अल्बममध्ये त्याच्यासोबत बेसवर स्टीफन क्रम्प आणि ड्रम्सवर मार्कस गिलमोर होते. आताचे तिघे म्हणजे तो, बेसवर लिंडा मे हान ओ आणि ड्रम्सवर टायशॉन सोरी. त्यांचा ‘अनईझी’ २०२१ ला आला, ‘कम्पॅशन’ फेब्रुवारी २०२४ मध्ये. सोरी स्वतः मोठा संगीतकार. त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. म्हणूनच की काय, तो कुठे वाजवायचं नाही हेही पक्कं ठरवतो. ‘कम्पॅशन’मध्ये स्टीव्ही वंडरचं ‘ओव्हरजॉइड’ आहे आणि रॉस्को मिचेलचं अवघड ‘नोना’ही.

ऐकायचं तर हेडफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ उरतच नाही, आणि मग या तिघांतला एक गैरहजर.